सही झाली होती, पण जुन्या फॉर्मवर

मुलांच्या आतड्यांच्या दाहावर चाललेल्या एका अभ्यासात लेकीचं नाव घातलं, तेव्हा सुया आणि नमुने यांचाच त्रास होईल असं धरून चालले होते. ते सगळं सुरळीत झालं. अडलं कागदावर, आणि ते आठवलं की अजून डोकं तापतं.

लेक बारा वर्षांची. पोटदुखी, जुलाब, वजन घटलेलं आणि उंची जागच्या जागी. शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन बरंच वाढलेलं, म्हणजे आतड्याला सूज असणार. क्रोन्सचा, म्हणजे आतड्यांच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाच्या आजाराचा, संशय होता, म्हणून भूल देऊन वरून आणि खालून दोन्हीकडून दुर्बीण घालायचं ठरलं. तेव्हाच डॉक्टरांनी अभ्यासाबद्दल सांगितलं. ज्यांचं निदान आत्ताच होतंय आणि ज्यांनी या आजाराचं एकही औषध घेतलेलं नाही, अशा मुलांचे नमुने त्यांना हवे होते. मग पुढची काही वर्षं आजार कसा वळतो ते बघायचं. कोणाचं आतडं पुढे अरुंद होईल, कोणाला पहिल्यापासूनच जोरदार औषध लागेल, याचा अंदाज आधी यावा म्हणून. मला पटलं.

सगळी मेख ‘औषध न घेतलेल्या’ या अटीत आहे. उपचार सुरू झाले की सूज बदलते, आतड्यातले जिवाणू बदलतात. इतकंच काय, दुर्बिणीआधी पोट साफ करायचं औषध प्यायलं तरी जिवाणूंचं चित्र धुऊन जातं. म्हणजे शौचाचा नमुना त्याच्याही आधीचा हवा. आणि संमतीच्या सहीशिवाय नमुना घेता येत नाही.

सही आम्ही केली होती. मी केली, लेकीनेही तिच्या वेगळ्या, सोप्या भाषेतल्या पत्रकावर केली. मग अभ्यासाच्या कार्यालयातून फोन आला, फॉर्म जुना आहे. अशा अभ्यासांना परवानगी देणाऱ्या नीतिसमितीने सुधारित फॉर्म मंजूर केलाय, जुन्यावरची सही धरत नाहीत. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख असते, ती कोण बघतं? बघायचं काम ज्यांचं, त्यांनीच तो फॉर्म माझ्या हातात दिला होता. ‘मग नवा द्या, आत्ता सही करते’ म्हटलं, तर संमती घ्यायचा अधिकार असलेले सर रजेवर. दुसऱ्या कोणाचं नाव अधिकृत यादीत नाही. नवा फॉर्म मेलवर पाठवा म्हटलं, तर समोरासमोर समजावून सांगितल्याशिवाय सही घेता येत नाही. नियम म्हणून यातलं एकही चूक नाही, हेच जास्त चिडवणारं. शेवटी त्या कार्यालयातून विचारणा झाली, ‘मॅडम, दुर्बीण थोडी पुढे ढकलता येईल का?’

पोर रात्री पोट धरून बसते, आणि पुढे ढकला! मी सरळ डॉक्टरांना गाठलं. त्यांनी एका वाक्यात मिटवलं, ‘उपचार अभ्यासासाठी थांबत नाहीत. नमुना मिळाला तर मिळाला.’ तुमच्यावर ही वेळ आली तर हे वाक्य पाठ करून ठेवा. नाही म्हणायचा, मधेच बाहेर पडायचा हक्कही फॉर्ममध्येच लिहिलेला असतो, आणि त्याने उपचारांत फरक पडत नाही.

सर उगवले ते दुर्बिणीच्या आदल्या दिवशी दुपारी. पोट साफ करायची पावडर पाण्यात कालवून तयार होती, फक्त प्यायची बाकी. लेकीने विचारलं, ‘ह्याचा मला काय उपयोग?’ सर म्हणाले, ‘बहुतेक काहीच नाही. तुझ्यानंतर येणाऱ्या मुलांना होईल.’ त्या सरळ उत्तरावर माझा निम्मा राग उतरला. जनुकांच्या चाचणीचा रकाना नव्या फॉर्मवर वेगळा होता. तिथे तिला सांगितलं, की २००१ साली क्रोन्सशी जोडलेलं एनओडी२ हे जनुक सापडलं, तेही रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी रक्त दिलं म्हणूनच. तिने हो केलं, पण जादा सुई नाही, नेहमीच्या तपासणीचं रक्त काढताना त्याच टोचण्यात काय ते घ्या म्हणाली. सरांनी तसं लिहून घेतलं.

शौचाच्या नळ्या दोन असतात, हे कोणी आधी सांगत नाही. कॅल्प्रोटेक्टिन बाहेर एखादा दिवस टिकतं, जिवाणूंची नळी मात्र लवकर गोठवावी लागते. झाकणाला चिकटलेला इवलासा चमचा असतो, तेवढंच पुरतं. लघवी मिसळू द्यायची नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे मधल्या काळात दुसऱ्या कशासाठी अँटिबायोटिक दिलं असेल तर आधीच सांगा, नाहीतर सगळी धावपळ फुकट.

दुर्बिणीच्या वेळी आतड्याचे दोन-चार बारीक तुकडे अभ्यासासाठी जास्तीचे घेतले, तिला कळलंही नाही. निदान क्रोन्सचंच आलं. लगेच फक्त पोषक द्रवावर ठेवलं, बाकी अन्न बंद. मुलांमध्ये हा उपाय सहा ते आठ आठवडे करतात, स्टेरॉइड टाळता येतं. अभ्यासवाल्यांनी त्यात काही लुडबुड केली नाही. त्यांच्या प्रयोगशाळेतले निकाल आपल्याला मिळत नाहीत, हेही आधीच विचारून घ्या म्हणजे वाट बघणं होत नाही.

नव्या फॉर्मची सही केलेली प्रत मला मागून घ्यावी लागली. ती आपल्याला मिळायलाच हवी, न मागता. पुढे लेक सज्ञान झाली की माझी सही चालणार नाही, तिची स्वतःची नव्याने लागेल.