सातवा बार

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

आज पियानो कॅम्पचा नववा दिवस झाला, आता तीनच राहिले. पाय दुखतायत, उद्याची तयारी अजून व्हायचीय, पण आजचं आजच लिहून ठेवायचंय. सकाळी आठला पोरं परत जिना चढून येतील आणि मग यातलं निम्मं डोक्यातनं निघून जाईल.

सकाळी साडेनऊच्या सुमारास लाईट गेली. काल संध्याकाळी वळीव झोडपून गेला, इथं कोल्हापुरात, राजारामपुरीत आमच्या हॉलच्या मागच्या गल्लीत झाडाची मोठी फांदी तारेवर येऊन पडली होती, ती काढायला लाईन बंद केली असं खालच्या दुकानदारानं सांगितलं. पाच डिजिटल पियानो एकदम मुके झाले, पंखे थांबले, आणि १४ पोरं, सात वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची, सगळी एकाच वेळी बोलायला लागली. मला पहिला विचार आला तो पालकांना फोन करून लवकर न्यायला बोलवायचा. पण मोठे सर काही न बोलता उठले, कोपऱ्यातल्या अपराइटचं, म्हणजे उभ्या तारांच्या साध्या पियानोचं, वरचं झाकण उघडलं, आतल्या दोन खिट्ट्या फिरवून समोरची फळीच काढून भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाले, या रे सगळे, याला लाईट लागत नाही.

मोठे सर सत्तरी ओलांडलेले आहेत. मी सोळा वर्षांची असल्यापासून त्यांच्याकडे शिकले, आज मी स्वतः शिकवते तरी ते खोलीत असले की मी आपोआप सरळ बसते.

पुढचा पाऊण तास मी कधी विसरणार नाही. पोरं अर्धवर्तुळात उभी, लहान पुढे, मोठी मागे, आणि आत ते सगळं उघडं. खालच्या सुरांना एकेकच जाड तांबं गुंडाळलेली तार, मधल्यांना दोन दोन, वरच्यांना तीन तीन, सगळ्या मिळून सव्वादोनशेच्या आसपास तारा, आणि त्यांचा एकत्र ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो म्हणून आत ओतीव लोखंडाची फ्रेम. टन म्हटल्यावर एकानं विचारलं उसाचा ट्रक किती टनाचा असतो, मग ऊस-कारखाना-ट्रॉली असं थोडा वेळ चाललं, सरांनी चालू दिलं.

मग सरांनी एक की दाबून धरली. सगळ्यांनी बघितलं, हातोडा तारेवर आपटला आणि की अजून दाबलेलीच असताना तो मागे आला. तारेवर टेकून बसणारा फेल्टचा तुकडा, डॅम्पर, तेवढा उचललेलाच राहिला म्हणून सूर चालू राहिला. की सोडली, डॅम्पर टेकला, सूर बंद. आता सर म्हणाले, हळू दाब. एकदम हळू. सात वर्षांच्या सगळ्यात छोटीनं श्वास रोखून की पार खालपर्यंत नेली आणि आवाजच आला नाही. परत केलं, परत नाही. सरांनी तिला आत बघायला लावलं, हातोडा तारेजवळ जातो आणि शेवटच्या जरा अंतरावर की त्याला सोडून देते, तिथनं पुढं तो त्याच्या त्याच्या वेगानं एकटा जातो. वेगच दिला नसेल तर पोचत नाही. वाद्यं बनवणाऱ्या क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये हीच गोष्ट जमवली, त्याआधीच्या हार्पसिकॉर्ड या कीच्या वाद्यात तार छेडली जायची, कितीही जोरात दाबा आवाज जवळपास तेवढाच. म्हणून तर याचं नावच पियानो-फोर्टे पडलं, हळू आणि मोठ्यानं.

हे सगळं मला माहीत होतं. गेली कित्येक वर्षं मी हेच मुलांना सांगतेय, बोटाचं वजन, मनगट सैल, खांद्यातनं येऊ दे. पण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पोरांच्या घरी ६१ कीचा हलका कीबोर्ड असतो, नाहीतर आजोबांची बाजाची पेटी, आणि पेटीत आवाज भात्यातनं येतो, बोटानं कितीही जोर लावला तरी काही फरक पडत नाही. त्यांना वजन हा शब्द कळणार कसा. आज आत हातोडा बघितला आणि पाच मिनिटांत सगळ्यांच्या हाताची ढब बदलली. फळी आधीच काढायला हवी होती, पहिल्याच दिवशी. पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी काढायची, हे इथं लिहूनच ठेवते.

पेटीवरनं आठवलं. मोठे सर नवीन मुलाला सी मेजरनं, म्हणजे नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांच्या स्केलनं, सुरू करत नाहीत. ते हात घेतात आणि पाच बोटं ठेवतात, पेटीवर सप्तकातल्या पट्ट्या डावीकडनं मोजतात तशी, पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, काळी पाच, पांढरी सात. ज्यांच्या घरात पेटी आहे त्यांना हे लगेच कळतं. लांब बोटं काळ्यांवर, अंगठा आणि करंगळी पांढऱ्यांवर, तळहात आपोआप गोल होतो. ही पियानोचा मोठा संगीतकार शोपँ याची पद्धत, तो स्वतःच्या विद्यार्थ्यांना अशीच सुरुवात करून द्यायचा, त्याच्या मते नोटेशन वाचायला सोपा असला तरी हाताला सी मेजर सगळ्यात अवघड. मी स्वतः सी मेजरनं शिकले, आणि माझा अंगठा सरळ करायला सरांना दोन वर्षं लागली.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी लिहायला बसले.

आमच्या कॅम्पमध्ये एक नऊ वर्षांचा मुलगा आहे, मंगळवार पेठेतला. कान फार चांगला आहे. तो जी मेजरमधला तो प्रसिद्ध मिन्युएट, म्हणजे जुन्या नाचाची धून, वाजवतोय, जो आपण सगळे बाखचा म्हणून शिकलो. बाखच्या बायकोच्या, आना माग्दालेनाच्या १७२५ च्या वहीत तो आहे, पण मूळ ड्रेस्डेनच्या पेत्सोल्ड नावाच्या ऑर्गनवादकाचा आहे हे नंतर अभ्यासकांनी शोधलं. त्याच्या सातव्या बारात, बार म्हणजे नोटेशनमधला ठरावीक मात्रांचा एक तुकडा, अंगठ्यावरनं दुसरं बोट काळी तीनवर न्यायचं असतं, तिथं हा अडकतो. अडकला की हात उचलतो आणि परत पहिल्यापासून. परत सहा बार सुंदर, परत सातवा, परत हात वर, परत पहिल्यापासून. आठ दिवस. परवा मला म्हणाला, टीचर मी घरात धा वेळा वाजवलो, तिथं येतंय, हितं येईना झालंय. मी त्याला काय म्हणाले? मी म्हणाले, बरं, पहिल्यापासून वाजव. हे लिहिताना सुद्धा वाईट वाटतंय.

लाईट नव्हती म्हणून आज अपराइटवर आळीपाळीनं एकेक जण बसत होता, बाकीचे बंद कीबोर्डवर नुसती बोटं चालवत होते. या मुलाशेजारी आमची अकरावीतली ताई बसली. ही सहा वर्षं माझ्याकडे आहे, यंदा पहिल्यांदा तिला छोट्यांना शिकवायला घेतलंय, ते तिला ताई म्हणतात आणि ती त्यांना नावानं नाही, भावा म्हणून हाक मारते. मी मागे खिडकीजवळ उभी होते. तिनं काल-परवाचा पेपर घेतला, घडी घातली आणि नोटेशनवर असा ठेवला की सगळं झाकलं गेलं, शेवटचे चार बार तेवढे दिसत होते. म्हणाली, एवढंच वाजव. त्यानं वाजवलं. आले. मग तिनं पेपर एक ओळ वर सरकवला. आता इथनं शेवटपर्यंत. असं करत करत मागनं पुढं येत येत शेवटी सातवा बार उघडा झाला. आणि गंमत अशी की आता तो सातव्यातनं निघाला की पुढचं सगळं ओळखीचं होतं, तो अनोळखी रानात शिरत नव्हता, घराकडे चालला होता. चुकला. हात उचलायला गेला. तर ती म्हणाली, भावा, पाठ लागल्याशिवाय कुस्ती सुटत नाही, तू पाय घसरला की आखाड्याबाहेर चाललास होय?

तिचे आजोबा तालमीतले आहेत, लहानपणी खासबागला त्यांच्या खांद्यावर बसून कुस्त्या बघितलेली मुलगी आहे ती. तिला कुणी शिकवलं नव्हतं हे. नंतर विचारलं तर म्हणाली, टीचर मी पण लहान असताना सेम असंच करत होतो, पहिलं पान लई भारी यायचं आणि दुसरं कधी आलंच नाही, म्हणून मग मी घरात मागनं बसवायला लागलो. सहा वर्षं माझ्यासमोर बसून ती हे एकटीच सोडवत होती आणि मला पत्ता नाही.

मला तेव्हा माझं स्वतःचं आठवलं. मी नऊ-दहा वर्षांची असताना ज्यांच्याकडे जायचे ते फूटपट्टी घेऊन बसायचे. चुकलं की बोटांवर पट्टी, आणि एकच शब्द, परत. प्रत्येक चुकीला परत. मग तेरा वर्षांची असताना पुण्याला ग्रेडच्या परीक्षेला बसले, दुसऱ्याच पीसमध्ये एक कॉर्ड चुकली आणि माझे हात आपोआप उचलले गेले. परत पहिल्यापासून. परत तिथंच चुकले. तीन वेळा. परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या पुढे जा, पण मला पुढे जाता येईना, कारण चुकल्यानंतर पुढे जायचं असतं हे माझ्या हातांनी कधी केलंच नव्हतं. परतीच्या गाडीत सातारा येईपर्यंत आईनं एकदाही विचारलं नाही, नुसती पाठीवर हात ठेवून बसली होती.

मी कधी फूटपट्टी हातात घेतली नाही. याचा मला अभिमान होता. पण आज खिडकीजवळ उभं राहून बघताना लक्षात आलं, माझ्या हातात पेन्सिल असते. मूल चुकलं की मी पियानोच्या लाकडावर टक करते. जोरात नाही, रागानं नाही, नुसतं टक. आणि मूल थांबतं. मला वाटत होतं पोरांना थांबायची सवय आहे. ती सवय मी लावलीय. आठ दिवस मी त्या मुलाला सातव्या बारात टक केलंय, मग त्याच्या हातांनी दुसरं काय शिकायचं.

दुपारी पोरं गेल्यावर सरांशी बोलले. ते डबा खात होते, मेथीची भाजी आणि भाकरी. त्यांनी मला धीर वगैरे दिला नाही, ते म्हणाले चेर्नीची गोष्ट माहितीय ना. चेर्नी म्हणजे व्हिएन्नातला नावाजलेला पियानो शिक्षक. १८१९ मध्ये लिस्टला, जो पुढे मोठा पियानोवादक झाला, त्याच्या वडिलांनी चेर्नीकडे आणलं, आठ वर्षांचं पोर, अशक्त, आणि वाजवताना स्टुलावर असं डुलत होतं की आता पडतंय असं वाटलं, हे चेर्नीनं स्वतः लिहून ठेवलंय, बोटं कुठलीही कुठेही. पण त्यानं त्या पोराला झिडकारलं नाही, पुढे ठेवून घेतलं, पाया घटवून घेतला आणि फी पण घेतली नाही. चेर्नी स्वतः बेथोवनकडे शिकलेला. हे मी मागच्या आठवड्यात पोरांना सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला होता, म्हणजे ते पण घराणंच की. आपल्या गावातल्या पोराला हे सुचणारच, मोठे गवई अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयानं बरीच वर्षं इथं राहिले, मोगूबाई, केसरबाई त्यांच्या शिष्या, त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँसाहेब यांनी मल्लिकार्जुन मन्सूरांना तालीम दिली. गाण्याची तालीम आणि कुस्तीची तालीम, आमच्याकडे शब्द एकच आहे.

सर डबा बंद करत एवढंच म्हणाले, उद्या पेन्सिल घरी ठेव. नोंदी करायच्या तर शेवटी कर, लक्षात राहतील तेवढ्याच महत्त्वाच्या.

मधल्या वेळात दोन पालकांचे फोन झाले. एकांना शेवटच्या दिवसाचा व्हिडिओ स्टेटसला ठेवण्यासाठी आडवा हवाय की उभा हे ठरवायचं होतं, दुसऱ्यांना बारा दिवसांत मुलगी कुठल्या ग्रेडला बसेल. इनिशियलपासून आठवीपर्यंत ग्रेड असतात, त्यांना मधली एखादी हवी होती. मी सांगितलं की बारा दिवसांत तिचा हात घडतोय, ग्रेड नंतर बघू. थोडे नाराज झाले. होऊ देत.

लाईट बाराला आली. पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. अकराला सगळ्यांना न्यायला घरची माणसं आली, तेव्हा त्या मुलाचे आजोबा वर आले, नेहमी खाली गाडीवरच थांबतात. भजनी मंडळात पेटी वाजवतात. मी त्यांना म्हटलं, काका बसा, ऐका एकदा. मुलगा बसला. मी हात मागे बांधून उभी राहिले, खरोखर बांधून. सहा बार गेले. सातव्याला बोट घसरलं, काळी तीनच्या शेजारी पडलं, स्पष्ट ऐकू आलं सगळ्यांना. त्याची मान जराशी वर झाली. हात नाही उचलला. आठवा, नववा, आणि मग तो गेलाच, शेवटपर्यंत.

आजोबांनी टाळ्या नाही वाजवल्या. ते जवळ आले, चष्मा वर करून त्या उघड्या तारांकडे बघत राहिले, आणि विचारलं, ह्यात पांढरी एक कुठली रं? नातवानं दाखवली. त्यांनी पेटीवर ठेवतात तसं हलकं बोट ठेवलं आणि दाबलं, डावा हात आपोआप भात्याच्या जागी मागे गेला. काहीच वाजलं नाही.

"आजोबा, असं नाही," पोरगा म्हणाला आणि त्यांचं बोट स्वतःच्या बोटानं धरलं. "सोडायला लागतंय त्याला. बघा आत, त्यो हातोडा."