फॉल्स सीलिंग ठरवायच्या आधी वर काय आहे ते बघा

ऑफिस असो, क्लिनिक असो नाहीतर हॉटेल, सीलिंगचा विषय निघाला की क्लायंट आधी डिझाईनचा फोटो दाखवतो आणि मग स्क्वेअर फुटाचा रेट विचारतो. मी विचारतो की बाबा, सीलिंगच्या वर काय काय जाणार आहे आणि ते उघडायला वर्षातून कितीदा कोण चढणार आहे? घरात फॉल्स सीलिंगच्या वर चार वायरी असतात, पण कमर्शियल जागेत एसीचं डक्ट, ड्रेन पाइप, केबल ट्रे, स्प्रिंकलरची लाइन, सीसीटीव्ही, डेटा केबल असा सगळा संसार असतो, आणि त्यातलं काही ना काही दर दोन-तीन महिन्यांनी बिघडतंच.

म्हणून ऑफिसच्या मोठ्या हॉलला मी डोळे झाकून ग्रीड सीलिंग सांगतो, म्हणजे पट्ट्यांच्या चौकटीत नुसत्या ठेवलेल्या टाइल, ६०० बाय ६०० मिमीची मिनरल फायबर टाइल, ज्याला सगळे अजून टू बाय टूच म्हणतात. लोक नाक मुरडतात, "बँकेसारखं दिसतं" म्हणतात. अहो पण बँकेने ते उगाच नाही लावलं, टाइल उचला, काम करा, परत ठेवा, पेंटर बोलवायला नको. जिप्सम बोर्डाचं सीलिंग एकसंध दिसतं, मान्य, पण प्रत्येक व्हॉल्व्हखाली ट्रॅपडोअर, म्हणजे उघडायचं झाकण द्यावं लागतं आणि ते नेमकं चुकीच्या जागी येतं, मग इलेक्ट्रिशियन करवत घेऊन चढतो आणि पुढे तो पॅच जन्मभर दिसत राहतो. रिसेप्शन, कॉन्फरन्स रूम, कॉरिडॉरची कडेची पट्टी इथे जिप्सम आणि मधे ग्रीड, हे कॉम्बिनेशन बहुतेक ठिकाणी चालतं. लहान कॅसेट एसी, म्हणजे सीलिंगमध्येच बसणारा, टू बाय टूच्या खान्यात बसतो, मोठ्याचं पॅनेल साधारण ९५० मिमीचं असतं, त्यामुळे एसीवाल्याचं ड्रॉइंग हातात आल्याशिवाय ग्रीडची लाइन मारू देऊ नका.

जिप्सम करायचंच तर बोर्ड कुठल्या कंपनीचा यावर वाद घालण्यापेक्षा मागचा सांगाडा बघा. बोर्ड १२.५ मिमीचा सगळेच लावतात, चोरी होते ती सेक्शनमध्ये, म्हणजे बोर्ड ज्यांना स्क्रूने बसतो त्या पत्र्याच्या पट्ट्यांमध्ये. सीलिंग सेक्शन ४५७ मिमीवर म्हणजे दीड फुटावर, त्यांना वरून धरणारं इंटरमीडिएट चॅनल चार फुटांवर, असा साधा हिशोब आहे. तो दीड फूट हळूच दोन फूट होतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत जॉइंटला क्रॅक येतात, मग सगळे मिळून पेंटरला शिव्या देतात. पीओपी मी कमर्शियलला जवळजवळ बंदच केलंय, कारागीर चांगला असेल तर काम देखणं होतं यात शंका नाही, पण ओलं काम, वाळायला वेळ, आणि जागेच्या मालकाने काम करून घ्यायला दिलेला बिनभाड्याचा फिटआउट पिरियड तेवढ्यात संपत आलेला असतो.

कोकणात आणि मुंबईत दमटपणा हा वेगळाच पाहुणा. एसी चालू आहे तोवर साधी टाइल सरळ राहते, पण शनिवार-रविवार किंवा गणपतीच्या सुट्टीत एसी बंद, खिडक्या बंद, की टाइलचं पोट सुटायला लागतं. तिथे आरएच (हवेतली सापेक्ष आर्द्रता, टक्क्यांत) ९५ किंवा ९९ लिहिलेली टाइल घ्या, किंवा कॅल्शियम सिलिकेटची, किंवा सरळ मेटलची. आणि हिरवा जिप्सम बोर्ड म्हणजे वॉटरप्रूफ असं दुकानदार सांगतो ते ऐकू नका, तो ओलावा सोसतो, गळणारा स्लॅब सोसत नाही. गच्चीखालचा मजला असेल तर आधी वॉटरप्रूफिंग, मग सीलिंग.

सध्या सगळ्यांना पीव्हीसी पॅनेल हवंय. वाळवी नाही, रंग नाही, पाणी लागलं तरी पुसलं की झालं, आणि एका दिवसात काम. छोट्या क्लिनिकच्या वॉशरूमला, पॅन्ट्रीच्या ओल्या भिंतीला मीही देतो. पण ते ८० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं आणि पेटलं तर काळा धूर आणि हायड्रोजन क्लोराइडसारखा जळजळीत वायू सोडतं. याउलट जिप्समच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा पाणी बांधलेलं असतं, आगीत ते वाफ होऊन निघून जाईपर्यंत बोर्डाची मागची बाजू फार तापत नाही. त्यामुळे बाहेर पडायच्या पॅसेजमध्ये, जिन्यात आणि किचनजवळ पीव्हीसी मी लावत नाही, क्लायंट कितीही म्हणो. फायर एनओसीवाले काय म्हणतील हा नंतरचा भाग, धुरात रस्ता शोधणारा माणूस तुमचा गिऱ्हाईक असतो.

भिंतींचं गणित जमिनीपासून सुरू होतं. खालचे चार-सहा इंच रोज फडक्याचं पाणी खातात, तिथे एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) उतरवला की फुगलाच, म्हणून स्कर्टिंग टाइलचं किंवा दगडाचं आणि पॅनेल त्याच्या वर. खुर्चीच्या पाठीपर्यंत जाड लॅमिनेट, ट्रॉली फिरत असेल तर आणखी वरपर्यंत, त्याच्या वर साधा रंगही चालतो. प्लायवर एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) लिहिलेलं बघून लोक मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारं समजतात, ते साधं कमर्शियल प्लाय असतं, ओल्या जागेला आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का बघा. जिप्समच्या पार्टिशनवर टीव्ही किंवा कपाट टांगायचं असेल तर बोर्ड बंद करायच्या आधीच आत प्लायचं बॅकिंग टाकायला सांगा.

आणि डॉक्टरांची केबिन, एचआरची केबिन, वकिलाचं ऑफिस असेल तर पार्टिशन थेट स्लॅबपर्यंत न्या, आत रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरा. फॉल्स सीलिंगपर्यंतच थांबवलं की आवाज वरून उडी मारून शेजारी जातो, मग भिंतीवर कितीही महागडं अकॉस्टिक पॅनेल चिकटवा, वेटिंगमधल्या पेशंटला आतल्याचा रिपोर्ट ऐकू येतोच. ते फेल्टचं अकॉस्टिक पॅनेल खोलीतला घुमारा कमी करतं, भिंतीपलीकडे जाणारा आवाज थांबवत नाही, पण विकताना हे कोणी बोलत नाही. कॅफेवाल्यांनी तर सीलिंगच काढून काळा रंग मारायची फॅशन आणलीय, स्वस्त पडेल म्हणून, आणि मग उघडं दिसतं म्हणून डक्ट आणि कंड्युट (वायरींचे पाइप) नीट ओळीत लावायला जास्त पैसे जातात, वर दुपारच्या गर्दीत समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

ग्रीड घेतलीत तर एक-दोन बॉक्स टाइल जास्तीच्या मागवून तिथेच कुठेतरी कोरड्या जागी ठेवा, नंतरच्या लॉटचा पांढरा आधीच्या पांढऱ्याशी जुळत नाही. आणि टाइल उचलणाऱ्याला हातमोजे द्या, नाहीतर एसीवाल्याची पाचही बोटं रिसेप्शनवर कायमची दिसतात.