तीस मेचा कागद

आमच्या मंडळाचे वर्षाला तीनच मोठे कार्यक्रम: फगवा म्हणजे इथली होळी, ३० मे म्हणजे भारतीय आगमन दिन, आणि दिवाळी. शगवानसच्या जरा पुढे, देवळामागच्या पत्र्याच्या मांडवात सगळं चालतं. मी साताऱ्याकडची. नवऱ्याच्या नोकरीपायी त्रिनिदादला आले आणि दोन वर्षांत खजिनदारकी गळ्यात पडली.

फगव्याला माणसं जमवावी लागत नाहीत. वसंतपंचमीपासूनच ढोलक आणि झाल (मोठ्या झांजा) घेऊन चौताल, म्हणजे होळीची गाणी, म्हणणारे समोरासमोर बसलेले असतात. एका रांगेनं ओळ टाकायची, दुसरीनं झेलायची. दिवाळीला तर पाय ठेवायला जागा नसते. इथे १९६६ पासून दिवाळीची सुट्टी आहे. बांबू चिरून, वाकवून कमानी करतात आणि त्यांवर खोबरेल तेलाच्या पणत्या मांडतात. पावसाचे दिवस असतात. एका वर्षी निम्म्या पणत्या विझल्या, तरी कोणी घरी गेलं नाही.

रडारड आहे ती ३० मेची. १८४५ साली याच दिवशी 'फातेल रझाक' जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास मजूर घेऊन इथे लागलं. पुढे १९१७ पर्यंत जवळपास दीड लाख माणसं करारावर उसाच्या मळ्यांत आली. आमच्या मांडवात त्या दिवशी मोजून चाळीस डोकी. सुट्टी म्हणून बाकीचे माराकासच्या समुद्रावर. भारतातून नोकरीला आलेल्या आपल्या लोकांचं तर विचारूच नका. 'तो त्यांचा कार्यक्रम' म्हणतात. गणपतीला मोदक कमी पडले तर मात्र मला फोन येतो.

दीपप्रज्वलन, स्वागत, पाहुण्यांचं भाषण हे सगळीकडे असतं तसंच. मी थांबते ती आजीसाठी. इथे बापाच्या आईला आजीच म्हणतात, हे पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मी हातातली थाळी खाली ठेवली होती. आमच्या या आजी नव्वदीच्या. दरवर्षी प्लास्टिकच्या पिशवीतून एक झेरॉक्स काढतात. त्यांच्या आजोबांचा जहाजावर चढतानाचा पास. नाव, बापाचं नाव, वय, जिल्हा बस्ती, ठाणं, गाव. उंची पाच फूट तीन इंच. अंगावरची खूण: डाव्या भुवईवर व्रण. एवढंच वाचायच्या. भाषण नाही, उपदेश नाही. व्रणाशी आल्या की बोट आपोआप स्वतःच्या भुवईवर जायचं.

गावाचं नाव साहेबाच्या कारकुनानं ऐकेल तसं लिहिलेलं. एका वर्षी मी शहाणपणा केला, 'खरा उच्चार असा असणार' म्हणून माइकवरूनच सांगितलं. आजी म्हणाल्या, "असेल बेटी. आमच्या घरात शंभर वर्षं असंच म्हणतात." त्यानंतर मी कोणाचे उच्चार सुधारायला गेले नाही. आता त्यांना दिसत नाही, नात वाचते. तिनं ठाणं गाळलं तर खुर्चीतून आवाज येतो, "ठाणं!"

आता आभार, कारण मागच्या वेळी एक नाव राहिलं आणि तो गृहस्थ तीन महिने माझ्याशी बोलला नाही. तेव्हा सर्वांत आधी सोहारीची पानं आणणारे काका. कर्दळीसारखी ती लांब पानं नसती तर जेवण कागदी थाळ्यांत झालं असतं. दालपुरी लाटणाऱ्या सहा जणी, आणि सातवी, जी फक्त चुलीपाशी बसते पण तिच्याशिवाय आच जमत नाही. चण्या-बटाट्याची कढई उचलणारी तीन पोरं. बांबू तोडणारे दोघे भाऊ. माइकवाला. तासा वाजवणारे. स्वतःच्या घरी होसेची, म्हणजे इथल्या मोहरमची, गडबड असली तरी खुर्च्यांची गाडी पाठवणारे सेंट जेम्सचे मियाँ. स्टीलपॅन घेऊन येणारा शेजारचा आफ्रिकन मास्तर, ज्याला आमची आरती सुरात येते आणि आमच्या अध्यक्षांना येत नाही. पंडितजी. झाडू मारणारी टँटी, म्हणजे मावशी. आणि कापसाच्या वाती वळणारी मुलं, ती दिवाळीची, पण इथेच सांगून टाकते.

कार्यक्रम संपला की आजी कागदाची घडी घालून पिशवीत, पिशवी पर्समध्ये ठेवतात. मग आइस्क्रीमचा रिकामा डबा पुढे करतात. दालपुरी चारच द्यायच्या, पाचवी टाकली की परत काढून ठेवतात.