तुम्ही विचारलंत म्हणून : रिपोर्ट नॉर्मल, मग हाड मोडलं कसं?

डायबेटिस असलेल्यांच्या हाडांवर रिसर्च करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, अहो शुगरचा आणि हाडांचा काय संबंध, आमच्या आईला इतकी वर्षं शुगर आहे पण तिच्या हाडांच्या डेक्सा स्कॅनचा रिपोर्ट तर एकदम नॉर्मल.

तो नॉर्मल रिपोर्टच तर मला झोपू देत नाही. डेक्सा फक्त हाडात खनिज किती ते मोजतं, टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाशी केलेली तुलना) उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ व्हायचा आजार, आणि टाइप २ मध्ये हा आकडा बऱ्याचदा चांगला येतो, कधीकधी इतरांपेक्षा जास्तच. तरी खुबा मोडायचं प्रमाण याच लोकांत जास्त. (टाइप १ मध्ये घनताही कमी असते आणि धोका त्याहून मोठा, तो विषय वेगळा.)

हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नाही हो. कडकपणा खनिजाचा, पण चिवटपणा कोलॅजन नावाच्या धाग्यासारख्या प्रथिनाचा. एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर हे आता घराघरात माहितीये, तीच साखर कोलॅजनलाही चिकटते, फक्त लाल पेशी साधारण १२० दिवसांत जाते आणि नवी येते, हाडातलं कोलॅजन मात्र वर्षानुवर्षं तिथेच असतं आणि त्याच्या धाग्यांमध्ये नको त्या गाठी बसत जातात. ओली काडी वाकते, वाळकी कटकन मोडते, तसं होतं. त्यात डायबेटिसमध्ये जुनं हाड काढून नवं भरायचं कामही मंदावतं, म्हणजे जुनाट माल आहे तिथेच पडून.

खुब्याच्या ऑपरेशनमध्ये काढलेलं हाड पेशंटच्या परवानगीने आमच्याकडे येतं. एक बारीक तुकडा अ‍ॅसिडमध्ये विरघळवून त्यावर ३७० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की या गाठी ४४० च्या आसपास निळसर चमकतात, ती चमक आम्ही क्विनाइन या मापासाठी वापरायच्या पदार्थाच्या चमकेशी ताडून मोजतो. दुसरा तुकडा मशीनमध्ये वाकवायचा, तोही ओला ठेवून, कारण सुकलं की कुणाचंही हाड ठिसूळच वागतं. किती जोर लावला की किती वाकलं याची रेघ मशीन काढतं; चिवट हाडाची रेघ वर चढते, मग कलते, बराच वेळ तग धरते. काही तुकड्यांची रेघ मात्र चढता चढताच तुटते, आणि अशा पेशंटचा टी-स्कोअर फाइलमध्ये चांगला लिहिलेला असतो तेव्हा फार वाईट वाटतं.

तर आईबद्दल. पाय बधिर असतील, नजर कमी झाली असेल, रात्री शुगर खाली जात असेल तर पडायची भीती आधी, ते डॉक्टरांना सांगाच. पायोग्लिटाझोन हे शुगरचं औषध चालू असेल तर तेही, बायकांमध्ये त्याने फ्रॅक्चर वाढतात. आणि शुगर किती वर्षांची आहे हे आवर्जून सांगा, कारण फ्रॅक्चरचा धोका मोजायचं फ्रॅक्स हे कॅल्क्युलेटर २००८ मध्ये आलं तेव्हा त्यात टाइप २ चा रकानाच नव्हता, म्हणून डॉक्टर त्याऐवजी त्यातल्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसवर (एक प्रकारचा संधिवात) टिक करून अंदाज घेतात.