टाळेबंदीत फडावरून गावी येताना : माझा अनुभव

24 मार्च 2020 च्या रात्री आठला देश बंद होणार असं जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही नेहमीसारखे ऊस तोडायला फडात, म्हणजे उसाच्या रानात, होतो. साखर कारखाने अत्यावश्यक सेवेत, त्यामुळं तोड चालू. मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातला. मी आणि माझी मंडळी, म्हणजे बायको, आमचा कोयता (नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात) सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्याला होता. आदल्या ऑगस्टच्या महापुरानं हंगामच उशिरा लागलेला, म्हणून पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, एप्रिल उजाडला.

ऊस उभा होता तोवर कुणी आम्हाला अडवलं नाही. पट्टा पडला आणि त्याच रस्त्यावर आम्ही रोग पसरवणारे झालो. दुकानदार लांबूनच हात करायचा. जिल्ह्याच्या सीमा बंद.

सगळ्यात वाईट हाल बैलांचे. तोड चालू असली की वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, मिळतं. बैल खातात, उरलेलं विकून मीठमिरची भागते. तोड थांबली तसं दोन्ही थांबलं. कडब्याला पैसा कुठला, हंगामाआधी घेतलेली उचलच अजून फिटायची होती. मंडळी दिवस उगवायच्या आत बांधावरचं गवत खुरपून आणायची. हरळी, शिपी, जे हाताला लागेल ते. त्यावर बैल उभे राहिले. तिकडं गावी आईजवळ दोन लेकरं. शाळेबरोबर, तोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठी असलेल्या हंगामी वसतिगृहाचं जेवणही बंद पडलेलं. आई फोनवर म्हणायची, "लेकरांची काळजी करू नका, पण चालत निघू नका."

17 एप्रिलला सरकारनं परवानगी दिल्याचं कळलं. राज्यात 38 कारखान्यांच्या आवारात सुमारे 1 लाख 31 हजार ऊसतोड कामगार अडकलेले होते. कारखान्यानं याद्या करायच्या, तपासणी करून घ्यायची, गाडीचा परवाना काढायचा आणि गावच्या सरपंचाला कळवायचं, असं ठरलं.

अडलं ते यादीपाशी. कारखान्याकडं करार टोळी आणणाऱ्या मुकादमाचा, त्याखाली कोयत्याला एक नाव, तेही गड्याचं. म्हणजे टोळीतल्या निम्म्या माणसांची, सगळ्या बायांची, कुठं नोंदच नव्हती. वर्षानुवर्षं बाई मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते, आणि कागदावर ती नाहीच! मुकादमाला मी म्हणलं, "तात्या, ही यादी अशीच गेली तर नाक्यावर बायांना उतरवतील." तात्यांनी ऐकलं. चिटबॉयच्या (फडावर उसाची नोंद ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या) वहीची कोरी पानं घेतली आणि कोपीकोपीत, म्हणजे प्रत्येक झोपडीत, जाऊन बाया, लेकरं, म्हातारी माणसं, सगळ्यांची नावं आधारवर आहेत तशीच लिहिली. कुणाचं आधार गावी पेटीत होतं. त्यांनी घरून फोटो मागवले. शेतकी विभागातल्या एका साहेबांनी सगळी यादी परत टाइप करून दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आरोग्य केंद्राच्या पथकानं ताप बघितला, खोकला विचारला, दाखला दिला. मग बैल, गाड्या, भांडी, माणसं ट्रकात भरून पंढरपूर, बार्शी, येरमाळा असे निघालो. प्रत्येक नाक्यावर यादी वाचून माणसं मोजली. बायांची नावं पुकारली तेव्हा त्या मोठ्यानं "हाय" म्हणत होत्या.

गावात पुन्हा विलगीकरण, ते शेतातच काढलं. आई बांधावर भाकरी ठेवून मागं सरायची. लेकरं लांबून हाका मारायची, त्यांना जवळ घेता येत नव्हतं. तेवढे दिवस फार जड गेले.

पुढं 2021 मध्ये ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्र द्यायचं ठरलं. मी ग्रामपंचायतीत दोन अर्ज दिले, एक माझा, एक मंडळीचा. "एका कोयत्याला एकच पुरे की," असं तिथं कुणी म्हणालं. मी दोन्ही अर्ज घ्यायला लावले. तुमच्या टोळीतल्या बायांचं नाव अजून लागलं नसेल, तर दसऱ्याला गाडी निघायच्या आधी लावून घ्या.