तुम्ही विचारलंत म्हणून: पाच मिनिटांत माणूस कळतो का?

मला बरेच जण विचारतात, तुम्ही इतकी वर्षं इंटरव्ह्यू घेताय, मग समोरचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत कळत असेल ना? आधी मी हो म्हणायचे. आता नाही म्हणते.

पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ आले होते, काम सगळं कॉम्प्युटरवरचं. ते खुर्चीत बसेपर्यंत माझ्या मनात पक्कं झालं होतं की यांना हे जमायचं नाही. तोंडाने काही बोलले नाही, पण प्रश्न अगदी सोपे विचारले, लहान मुलाशी बोलतात तसं सावकाश बोलले, आणि ते उत्तर देत होते तेव्हा माझी नजर पुढच्या उमेदवाराच्या बायोडेटावर. तेही मग आखडले, उत्तरं तुटक यायला लागली आणि पंधराव्या मिनिटाला मी फॉर्मवर लिहिलं, 'उत्साह कमी'. तेव्हा मला खरंच वाटलं की बघा, अंदाज बरोबर निघाला. दुसऱ्या राउंडला माझा सहकारी होता, तो तासभर बोलत बसला आणि बाहेर आला तो त्यांनी आधीच्या नोकरीत हिशेबासाठी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामबद्दलच सांगत सुटला. माणूस तोच, दिवस तोच. मी ते विचारलंच नव्हतं!

पुढे एका प्रयोगाबद्दल वाचलं आणि अंगावर काटा आला. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात झालेला, १९७४ साली छापून आलेला. गोरे विद्यार्थी इंटरव्ह्यू घेणारे, आणि उमेदवार काळा असला की ते जरा लांब बसायचे, बोलताना जास्त अडखळायचे, मुलाखत लवकर आटपायचे. मग संशोधकांनी उलटं केलं, मुलाखत घेणाऱ्यांना मुद्दाम तसंच वागायला शिकवलं आणि समोर गोरे उमेदवार बसवले. तर त्यांची मुलाखत खराब झाली, तेच घाबरलेले दिसायला लागले. म्हणजे पूर्वग्रहाला पुरावा बाहेरून लागतच नाही, तो आपणच आपल्या वागण्यातून तयार करतो आणि वर त्याला अनुभव म्हणतो.

आणि खुर्चीपर्यंत न पोचणारे वेगळेच. शिकागो आणि बॉस्टनमध्ये जवळपास ५,००० बनावट बायोडेटा पाठवले होते, २००४ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. मजकूर सारखा, फक्त नावं बदललेली, तर गोऱ्या लोकांची वाटणाऱ्या नावांना काळ्या लोकांची वाटणाऱ्या नावांपेक्षा ५० टक्के जास्त बोलावणी आली. इथे तर कोणी कोणाचा चेहराही पाहिला नव्हता.

स्टिरिओटाइप हा शब्द मुळात छापखान्यातला, एकदा ओतलेला ठसा, त्यावरून हव्या तितक्या प्रती काढा. वॉल्टर लिपमन या पत्रकाराने १९२२ मध्ये तो माणसांबद्दलच्या अशा ठरीव कल्पनांसाठी वापरला. मला तो फार नेमका वाटतो, कारण ठशाला समोर कोण बसलंय ते बघायचं नसतंच.

आता मी काय करते तर सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि प्रत्येक उत्तराचे मार्क तिथल्या तिथे, शेवटी एकदम नाही. पहिली छाप तरी पडतेच हो, ती काही थांबवता येत नाही मला. गेल्याच आठवड्यात एक मुलगी आली, फार हळू बोलत होती, आणि माझा हात फाईल मिटायला गेला. घड्याळ पाहिलं, अकरा मिनिटं झाली होती. पाच प्रश्न बाकी होते. खुर्ची पुढे ओढली आणि सहावा विचारला.