तुम्ही विचारलंत म्हणून : याचा तुमच्या मुलाला काय उपयोग?

देणगी मागायला गेले की पावतीपुस्तक उघडण्याआधीच हा प्रश्न बहुतेक वेळा समोर येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. आमच्या मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार आहे. तो १३ वर्षांचा असून दोन वर्षांपासून व्हीलचेअरवर आहे, आणि आम्ही काही पालक मिळून कोल्हापुरात जी छोटी संस्था चालवतो, ती या आजारावरील संशोधनासाठी पैसे गोळा करते. परवा लक्ष्मीपुरीतील एका व्यापाऱ्यांनी पाचशे एक रुपये हातावर ठेवता ठेवता विचारले, "औषध निघायला वीस वर्षे लागतील, ताई. याचा तुमच्या मुलाला काय उपयोग?" त्या वेळी दुकानात गिऱ्हाईक होते, म्हणून मी नुसतीच हसले. मी मार्केट यार्डात एका गूळ अडत्याकडे हिशेब लिहिते. कशाचा उपयोग किती, हे विचारलेले मला कधीच खटकत नाही. म्हणून हे सविस्तर उत्तर.

स्नायूंच्या पेशींना आधार देणारे डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन या मुलांच्या शरीरात तयार होत नाही. त्याच्याशिवाय प्रत्येक हालचालीत पेशी थोड्या थोड्या फाटत जातात आणि त्यांच्या जागी चरबी व तंतू साचतात. पोटऱ्या फुगीर दिसतात त्या यामुळे. कोल्हापुरात मात्र भरलेल्या पोटरीचा अर्थ एकच लावला जातो. माझे सासरे तरुणपणी तालमीत घुमलेले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते नातवाच्या पोटऱ्या दाखवत आणि याला खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात उतरवणार म्हणून सांगत. त्याच दिवसांत तो जमिनीवरून उठताना आधी ओणवा होई, हात गुडघ्यांवर टेकवी, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावरून चढत गेल्यासारखा उभा राही. आम्हाला ती लाडाने लागलेली सवय वाटली. हे असे उठणे विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरने १८७९ मध्येच नोंदवून ठेवले होते, आणि आजही डॉक्टर त्याच्याच नावाने ते ओळखतात. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मुलाला फरशीवर बसवले, उठायला सांगितले, पुन्हा एकदा बसवून उठवले आणि काही न बोलता रक्ताची सीपीके तपासणी, म्हणजे स्नायूंची किती मोडतोड होते आहे ते दाखवणारी, लिहून दिली. जो आकडा साधारण दोनशेच्या आसपास असायला हवा, तो अठरा हजारांच्या वर आला. सासऱ्यांनी पोटऱ्यांचा विषय त्यानंतर कधी काढला नाही.

हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो. जन्माला येणाऱ्या सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एकाला. साधारण दोन-तृतीयांश घरांत तो आईकडून आलेला असतो, उरलेल्या घरांत नव्यानेच घडतो. आमच्याकडे तो माझ्याकडून आला. त्यावरून मला काय काय ऐकावे लागले, ते इथे लिहीत नाही.

दोष कोणत्या जनुकात आहे हे १९८६-८७ मध्येच कळले होते. मग इतकी वर्षे औषध का नाही, हा पुढचा प्रश्न असतो. डिस्ट्रोफिनचे जनुक माणसाच्या सर्वांत मोठ्या जनुकांपैकी आहे. त्याचे ७९ तुकडे असतात, त्यांना एक्सॉन म्हणतात, आणि प्रत्येक घरी वेगळा तुकडा गळालेला, दुप्पट झालेला किंवा एखाद्या अक्षराने बिघडलेला असतो. आमच्या मुलाचे ४८ ते ५० हे तुकडे नाहीत, त्यामुळे पुढचे वाचन जुळत नाही; ५१ वा तुकडाही वगळला तर ते पुन्हा जुळते. एक्सॉन ५१ वगळून वाचायला लावणाऱ्या पहिल्या औषधाला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. ते त्याला लागू पडते, परंतु अशा दोषाची मुले शंभरात जेमतेम तेरा. दर आठवड्याला सलाइनमधून देण्याच्या त्या औषधाचा वर्षाचा खर्च कोटींत आहे, आणि त्याने आजार बरा होत नाही. २०२३ मध्ये जनुकोपचाराला, म्हणजे जनुकाची छोटी पण चालणारी प्रत शरीरात सोडण्याच्या उपचाराला, तिथेच मान्यता मिळाली. एका डोसची किंमत ३२ लाख डॉलर. चालणे थांबलेल्या दोन मुलांचा त्यानंतर यकृत निकामी होऊन मृत्यू झाला, तेव्हा २०२५ मध्ये अशा मुलांसाठी तो पुरवठा थांबवावा लागला. आपल्या सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात डुशेन तिसऱ्या गटात, म्हणजे उपचार आहेत पण अतिशय महाग अशा आजारांत, आहे. निवडक केंद्रांमार्फत, त्यात मुंबईचे केईएमही आले, रुग्णामागे कमाल ५० लाखांची मदत मिळू शकते. ३२ लाख डॉलरांपुढे ५० लाख रुपये ठेवून पाहा, म्हणजे केवळ औषध मागत बसणे हा मार्ग का नाही, ते लक्षात येईल.

आणि आता एक कबुली. आम्ही सुरुवात परोपकाराने केली नाही. निदानानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी माझा कोल्हापुरी साज मोडला आणि दूरच्या एका शहरात मुलाला स्टेम सेलची इंजेक्शने देऊन आणली. तीन फेऱ्या झाल्या. गुण काहीच आला नाही. रक्ताच्या काही आजारांतील प्रत्यारोपण सोडले, तर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असा उपचार करू नये, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ मध्येच स्पष्ट लिहिलेले आहे. ते मी साज मोडल्यानंतर वाचले. संस्था काढली ती या संतापातून. पुराव्याशिवाय विकले जाणारे काहीही पुन्हा घ्यायचे नाही आणि दुसऱ्या आईलाही घेऊ द्यायचे नाही, एवढेच तेव्हा ठरले होते.

औषध शोधण्याइतका पैसा कोल्हापुरातून उभा राहणार नाही, हे मलाही कळते. आमचा पैसा दोन कामांना जातो. एक, ज्या मुलांची जनुकीय तपासणी झालेली नाही, त्यांची तपासणी करून कोणाचा कोणता एक्सॉन गेला आहे याची नोंदवही ठेवणे. उद्या भारतात एखाद्या औषधाची चाचणी सुरू झाली, तर हा आकडा माहीत नसलेल्या मुलाला तिथे दारातच थांबावे लागते. दुसरे काम मोजण्याचे. औषधाने फरक पडला असे म्हणायचे, तर औषधाशिवाय आजार कोणत्या गतीने वाढतो हे आधी मोजलेले असावे लागते. त्यासाठी दर सहा महिन्यांनी एक फिजिओथेरपिस्ट आमच्या मुलांना तपासतात : सतरंजीवरून उठायला किती सेकंद, दहा मीटर चालायला किती, सहा मिनिटांत किती मीटर. मध्यंतरी एका प्रयोगशाळेतील साहाय्यकाचा पगारही आम्ही दिला होता. तो आठ महिन्यांत परदेशी गेला आणि काम तिथेच थांबले. ती रक्कम मी वार्षिक अहवालात वाया गेली म्हणूनच दाखवली, यावर दोन विश्वस्त अजून नाराज आहेत.

सगळे पालक माझ्या बाजूचे आहेत असेही नाही. एका बैठकीत कागलच्या एक ताई उभ्या राहून म्हणाल्या, "मला आज पोराला न्हाणीत न्यायला खुर्ची पाहिजे. तुमचा एक्सॉन घेऊन मी काय करू?" त्यांचे बरोबर होते. चौदा वर्षांचा मुलगा रोज दोन्ही हातांवर उचलून त्यांची पाठ गेली होती. तेव्हापासून आमच्याकडे दोन पावतीपुस्तके आहेत, हिरवे मदतीचे आणि लाल संशोधनाचे, आणि देणाऱ्याने निवडायचे. हिरवे दोन महिन्यांत संपते, लाल वर्षभर पुरते. मात्र मागच्या गणपतीत मंगळवार पेठेतील एका मंडळाच्या मुलांनी ध्वनियंत्रणेचे वाचलेले पैसे आणून दिले आणि आग्रहाने लाल पावती मागितली. का, असे मी विचारले, तर त्यांतला एक म्हणाला, "हिरवं सगळेच घेत्यात की."

मग मुलाला उपयोग काय? सरळ उत्तर द्यायचे तर औषधाच्या दृष्टीने बहुधा काहीच नाही. त्याच्या पायांत जे गेले ते परत आणणारे आज काही नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये सॅम बर्न्स या बाळाला प्रोजेरिया, म्हणजे अकाली वार्धक्याचा आजार, असल्याचे कळले. आईवडील दोघेही डॉक्टर, त्यांनी पुढच्याच वर्षी संशोधन संस्था काढली, २००३ मध्ये जनुक सापडले, आणि ज्या औषधाच्या चाचणीत सॅम स्वतः होता त्याला मान्यता मिळाली २०२० मध्ये. सॅम २०१४ च्या जानेवारीत, सतराव्या वर्षी गेला. डुशेनच्या बाबतीत अमेरिकेतील पालक १९९४ पासून हेच करत आले आहेत. बंगळुरूच्या पालकांनी तर स्वतःची प्रयोगशाळा उभी केली आहे. स्टेरॉइड किती द्यावे, हृदय केव्हा तपासावे, श्वासाची काळजी कधीपासून घ्यावी, हे आज आमच्या मुलाच्या बाबतीत डॉक्टर बिनचूक सांगतात, ते कुणीतरी आपापल्या मुलांचे सेकंद मोजून ठेवल्यामुळेच. ती उधारी माझ्या खात्यावर आहे. लोक याला त्याग म्हणतात, तेव्हा मला संकोच होतो. हिशेब लिहिणाऱ्या बाईला उधारी आणि दान यांतला फरक कळतो.

तपासणीच्या दिवशी तोही येतो. त्याला आता सतरंजीवरून उठायचे नसते. त्याच्या रकान्यात त्या जागी आडवी रेघ असते. स्टॉपवॉच मात्र त्याने दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ दिलेले नाही. गेल्या खेपेला गडहिंग्लजचा एक सहा वर्षांचा मुलगा मांड्यांवर हात टेकत उठला, तेव्हा याने बटण दाबून सांगितले, "सात पॉइंट चार." मी सात लिहिले. त्याने वहीत डोकावून मला पॉइंट चार लिहायला लावले.